पंचविशीनंतर सैन्यात: शहापूर-मुरबाडच्या नोकरदार तरुणांपुढील वाटांचे विवेचन

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाण्याकडे सात तालुके राहिले. त्यांतले पाच मुंबईच्या विस्तारात कमीअधिक मिसळून गेले आहेत. शहापूर आणि मुरबाड मात्र अजून भातखाचरांचे, वाड्या-पाड्यांचे, धरणांचे आणि सह्याद्रीच्या कड्याखालच्या जंगलाचे तालुके आहेत. इथला पदवीधर साधारण बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी नोकरीला लागतो. शहापूरकडचा आसनगाव, आटगाव, खर्डी किंवा कसाऱ्याहून लोकल पकडून कल्याण, ठाणे, मुंबई गाठतो. मुरबाडला रेल्वे नाही, म्हणून तिथला एसटीने कल्याणला येतो, नाहीतर मुरबाडच्याच औद्योगिक वसाहतीत कार्यालयीन काम धरतो. भिवंडी-पडघ्याच्या गोदामांत बिले, चलने आणि साठ्याच्या नोंदी सांभाळणारे दोन्ही तालुक्यांतले आहेत. यांच्यातल्या कितीतरी जणांच्या मनात सैन्य राहून गेलेले असते. चार-पाच वर्षे नोकरी झाली, हातात थोडा पैसा आला, की ते पुन्हा वर येते. घरात विषय निघाला की आधी विचारले जाते, ‘वय बसतं का?’

अठ्ठाविसाव्या वर्षी हा प्रश्न फार ढोबळ ठरतो, असे माझे म्हणणे आहे. कोणत्या शिक्षणावर, कोणत्या पदासाठी आणि कोणत्या सेवेत, हे सांगितल्याशिवाय वय बसते की नाही ते सांगताच येत नाही. हे तीन मुद्दे नीट मांडले की एक गोष्ट पुढे येते आणि ती या भागात फारशी बोलली जात नाही. साध्या पदवीधराला या वयात उरलेली सर्वांत भक्कम लष्करी वाट त्याला नोकरी सोडायला लावत नाही. उलट नोकरी असणे ही तिची अटच आहे.

आज पंचविशी ओलांडलेल्या पिढीच्या बाबतीत हा विषय एरवीपेक्षा बोचरा आहे. करोनामुळे २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन वर्षांत सैन्याची शिपाई भरती जवळपास थांबली. जे मेळावे झाले त्यांत धाव आणि वैद्यकीय तपासणी पार करून लेखी परीक्षेची वाट पाहणारी मुले देशभर होती. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि त्या अर्धवट प्रक्रिया रद्द झाल्या. नव्या योजनेची वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस अशी ठेवली गेली. भरती बंद होती म्हणून त्या एका वर्षापुरती ती तेवीसपर्यंत वाढवली. २०२० साली एकवीस वर्षांचा असलेल्या मुलाला त्यातून एकच संधी मिळाली, बावीस वर्षांच्याला तर तीही अवघड झाली. प्रकरण न्यायालयात गेले. २७ फेब्रुवारी २०२३ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने योजना वैध ठरवली आणि त्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. त्या मुलांनी मग मिळेल ती नोकरी धरली. त्यांनी आळस केला म्हणून वय गेलेले नाही. हे आधी मान्य केले पाहिजे, कारण गावात त्यांना आजही ‘तेव्हा का नाही गेलास?’ असे विचारणारे भेटतात.

कोणते दार कधी बंद होते

शिपाईपदाचे दार सर्वांत आधी लागते, आणि अग्निवीराला अविवाहित असण्याचीही अट आहे. अधिकारी होण्यासाठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची मर्यादा साडेएकोणीस. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा, म्हणजे सीडीएस, देऊन डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत चोविसाव्या वर्षापर्यंत आणि चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत पंचविसाव्या वर्षापर्यंत जाता येते. एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र असेल तर लेखी परीक्षा टळते, पण वय तेच पंचवीस. हवाई दलाच्या जमिनीवरच्या शाखा सव्विसापर्यंत घेतात. बीए, बीकॉम किंवा साधी बीएस्सी झालेल्याची नियमित सैन्यातली वाट इथे संपते.

व्यावसायिक शिक्षण असेल तर ती पुढे चालू राहते. अभियंत्याला सत्ताविसाव्या वर्षापर्यंत दोन मार्ग आहेत: डेहराडूनचा तांत्रिक पदवीधर अभ्यासक्रम, ज्यातून कायम कमिशन मिळते, आणि चेन्नईचा अल्पकालीन तांत्रिक प्रवेश. किमान ५५ टक्के गुणांनी एलएलबी झालेल्याला सैन्याच्या विधी शाखेत, म्हणजे जज अ‍ॅडव्होकेट जनरल विभागात, सत्ताविसापर्यंत जाता येते. एमबीबीएस डॉक्टरला तिसाव्या, तर पदव्युत्तर डॉक्टरला पस्तिसाव्या वर्षापर्यंत लष्करी वैद्यकीय सेवेत अल्पकालीन कमिशन मिळू शकते. बीएस्सी नर्सिंग झालेल्या तरुणीला मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचे दार पस्तिसापर्यंत उघडे असते. पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री यांना सैन्य नायब सुभेदार म्हणून तिशीनंतरही घेते.

या मांडणीत एक अन्याय दडलेला आहे. वयाची सूट व्यावसायिक पदवीला मिळते, आणि या दोन तालुक्यांत जवळच्या महाविद्यालयात सहज मिळणारे शिक्षण कला आणि वाणिज्य शाखेचे आहे. अभियांत्रिकी, विधी किंवा नर्सिंगसाठी मुलाला बहुधा कल्याण, ठाणे किंवा नाशिकला राहावे लागते, आणि तो खर्च प्रत्येक घराला झेपत नाही. त्यामुळे कागदावर सर्वांना सारखा असलेला नियम कसाऱ्याच्या पदवीधराला ठाण्याच्या पदवीधरापेक्षा दोन-तीन वर्षे आधी बाहेर काढतो. सैन्याला याचा दोष देता येणार नाही, तरी आपण तो पाहिला पाहिजे.

इथे एक फरक समजून घ्यायला हवा. सैन्यात जातीनिहाय आरक्षण नाही, म्हणून वयातही सवलत नाही. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, इंडो-तिबेट सीमा पोलीस यांसारखी दले गृहमंत्रालयाखाली येतात आणि तिथे ती आहे. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी, मल्हार कोळी यांची मोठी वस्ती असलेल्या या तालुक्यांत हा फरक निर्णायक ठरतो. दहावीवर होणाऱ्या शिपाई भरतीची मर्यादा सर्वसाधारणपणे तेवीस, इतर मागासवर्गीयांना सव्वीस आणि अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला अठ्ठावीस आहे. लोकसेवा आयोगामार्फत असिस्टंट कमांडंट होण्याची सर्वसाधारण मर्यादा पंचवीस, अनुसूचित जमातीला तीस. म्हणजे एकोणतीस वर्षांच्या पदवीधर ठाकूर तरुणाला सैन्याचे नियमित अधिकारीपद बंद झाले असले, तरी सीमा सुरक्षा दलात राजपत्रित अधिकारी होण्याची संधी अजून शिल्लक असते. उंचीचेही तसेच: या दलांत पुरुष शिपायाला १७० सेंटिमीटर उंची लागते, अनुसूचित जमातीला १६२.५ चालते. राज्य पोलीस शिपाईपदाला खुल्या गटात अठ्ठावीस आणि मागासवर्गाला तेहतीस ही मर्यादा आहे. राज्य राखीव पोलीस बलात ती पंचवीस आणि तीस. ही दले सैन्य नव्हेत. पण सीमेवर बंदूक घेऊन उभे राहायचे आहे, एवढेच मनात असेल तर सीमा सुरक्षा दलाचा जवान तेच करतो.

मर्यादा शरीराची की रचनेची

वयाची रेघ जिथे आहे तिथेच का, हे समजले की निराशा कमी होते असे नाही, पण निर्णय शहाणा होतो. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर सैन्य तरुण ठेवण्याचा विषय ऐरणीवर आला. पुढे अजय विक्रम सिंग समितीच्या शिफारशींतून अधिकाऱ्यांच्या बढत्यांची गती वाढली: कमिशननंतर दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. बटालियन चालवणारा माणूस चाळिशीच्या आत असावा हा त्यामागचा विचार. अग्निपथ योजनेच्या समर्थनातही जवानांचे सरासरी वय खाली आणण्याचाच मुद्दा होता.

आता हे आकडे एका माणसाला लावून पाहू. बाविसाव्या वर्षी कमिशन घेतलेला तरुण अठ्ठाविसाव्या वर्षी मेजर होतो आणि कंपनी सांभाळतो. त्याच कंपनीत अठ्ठाविसाव्या वर्षी नोकरी सोडून आलेला नवा लेफ्टनंट रुजू झाला, तर दोघांचे वय एक आणि अनुभवात सहा वर्षांचे अंतर. नव्याच्या बरोबरीचे सहकारी बावीस-तेवीस वर्षांचे, आणि त्याच्या हाताखालचे सुभेदार त्याच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठे आणि मुरलेले. कार्यालयात चार माणसांवर देखरेख केलेल्याला हे पेलवते, कित्येकदा पोरसवद्या लेफ्टनंटपेक्षा चांगले पेलवते. पण बढतीची शिडी प्रत्येक पायरीला ठरावीक वर्षे मागते, आणि उशिरा आलेल्याला वरच्या पायऱ्यांपर्यंत वेळ पुरत नाही. वयोमर्यादा आहे ती मुख्यतः या शिडीची.

शरीराची मर्यादा वेगळी असते. त्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे आणि तो मोठ्या दुःखातून आला आहे. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात कर्नल संतोष महाडिक शहीद झाले. शिक्षिका असलेल्या त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी सैन्यात जाण्याचा निर्णय घेतला. सैनिकांच्या वीरपत्नींसाठी अल्पकालीन कमिशनची मर्यादा पस्तीस आहे. त्यांनी तीही ओलांडली होती, म्हणून संरक्षण मंत्रालयाकडून वयात सवलत मिळाली. सप्टेंबर २०१७ मध्ये त्या चेन्नईहून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस अरुणाचलातील तवांगजवळच्या आगीत विरारचे मेजर प्रसाद महाडिक गेले. त्यांच्या पत्नी गौरी महाडिक कंपनी सेक्रेटरी होत्या, कायद्याच्या पदवीधर होत्या. ती नोकरी सोडून त्यांनी त्याच अकादमीतून मार्च २०२० मध्ये कमिशन घेतले. ७ ऑगस्ट २०१८ रोजी गुरेझ क्षेत्रात आपल्याच ठाणे जिल्ह्यातले, मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे शहीद झाले. पत्नी कनिका राणे मुंबईत नोकरी करत होत्या, घरी लहान मुलगा होता. नोव्हेंबर २०२० मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, त्याही लेफ्टनंट झाल्या.

चेन्नईचे प्रशिक्षण ४९ आठवड्यांचे असते. पाठीवर वजन घेऊन लांब पल्ल्याची धाव, दोर, अडथळे, रात्रीची कूच यांत विधवेला किंवा वयस्काला वेगळे माप नसते. कार्यालयातून आणि वर्गातून आलेल्या या तिघींनी तिशीच्या आगेमागे किंवा पस्तिशीनंतर ते पुरे केले. म्हणून ‘या वयात शरीर साथ देणार नाही’ असे कोणी म्हणाले तर ते खरे मानू नये. खरे वाक्य असे आहे की या वयात शरीर साथ देते, पण नियम सहसा देत नाही, आणि नियम कुठे देतो ते शोधावे लागते.

खुर्चीतून उठलेले शरीर

शरीर साथ देते, पण तयारीशिवाय नव्हे. व्यायाम नसलेल्या माणसाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पंचविशी-तिशीनंतर दर दशकाला सुमारे दहा टक्क्यांनी उतरते. नियमित धावणाऱ्याची घट त्याच्या निम्म्याच्या आसपास राहते. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारतात. हाडे, कंडरा आणि सांधे महिने घेतात. कार्यालयातला तरुण इथेच फसतो: दोन महिन्यांत दम वाढतो, वेग वाढतो, आणि तो वेग न पेलल्याने नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते. दिवसाचे आठ-नऊ तास बसल्याने मांडीचा मागचा स्नायू आणि कंबरेचा पुढचा भाग आखडलेला असतो, ते आणखी वेगळे. विशीत हे निभावून जाते. सत्ताविशीत सहा आठवड्यांची दुखापत म्हणजे एक भरती हुकणे, आणि एक भरती हुकणे म्हणजे अनेकदा वय संपणे.

अपेक्षा किती, तर चेन्नईला जाणाऱ्या पुरुष उमेदवाराने २.४ किलोमीटर साडेदहा मिनिटांत धावावे, असे परीक्षेच्या अधिसूचनेतच सांगितलेले असते. निमलष्करी दलाच्या शिपायाला ५ किलोमीटर २४ मिनिटांत. दोन्ही अंतरे निरोगी माणसाच्या आवाक्यातली आहेत. अडचण वेळेची आहे. आसनगावहून मुंबईला जाणाऱ्याचे एका बाजूला दोन तास धरले तर दिवसाचे चार तास गाडीत जातात. पहाटेची गाडी असेल तर सकाळची धाव होत नाही, आणि रात्री परतल्यावर अंगात त्राण नसते. त्यात जूनअखेर ते जुलै आवणीचे दिवस. बऱ्याच जणांची रजा तिथेच खर्ची पडते. या माणसाने आठवड्यात सहा दिवस पळण्याचा संकल्प करू नये. तीन दिवस धाव, एक दिवस चढ, आणि तेही वर्षभर, हे जास्त टिकते. चढासाठी दूर जायला नको: शहापूरला ८५८ मीटरचा माहुली आहे, मुरबाडला नाणेघाट, गोरखगड, सिद्धगड. पाठीवर ओझे घेऊन चढल्याने घोट्याला आणि गुडघ्याला जी तयारी मिळते ती सपाट रस्त्यावर मिळत नाही. महामार्गाच्या कडेने अंधारात धावणे मात्र टाळावे.

वैद्यकीय तपासणीबद्दल एवढेच सांगतो की मोठे आजार क्वचित आड येतात. वाढलेले वजन, सपाट तळवे, गुडघे एकमेकांना लागणे, पायावरच्या फुगलेल्या शिरा, नाकाचे वाकडे हाड, कानातला मळ अशा गोष्टींवर उमेदवार परत येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच आधी कळल्या तर दुरुस्त होतात. गोंदणाबाबत सैन्याचा नियम कडक आहे. हाताच्या ठरावीक भागापलीकडे चालत नाही. मात्र ज्या आदिवासी समाजांत गोंदण ही रूढी आहे त्यांना सूट आहे, आणि आपल्या बाबतीत ती लागू होते का हे भरतीच्या जाहिरातीत आधी पाहून घ्यावे.

हेतू

मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर दरवर्षी २ जानेवारीला माणसे जमतात. १९४३ साली त्या तारखेला पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे ब्रिटिश पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म माथेरानचा, १ डिसेंबर १९१२ चा. शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, गरीब शेतकऱ्यांना सावकारापासून वाचवण्यासाठी धान्यकोठ्या आणि मुलांसाठी शाळा काढल्या. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ते एकोणतीस वर्षांचे होते. वकिली बाजूला ठेवून त्यांनी आझाद दस्ता उभारला, आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडून तिथले कारखाने ठप्प करण्याची मोहीम चालवली. या मुलखात स्थिर व्यवसाय सोडून हत्यारी लढ्यात उतरलेल्या तिशीजवळच्या माणसाचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

आझाद दस्ता आणि आजचे सैन्य यांची बरोबरी करण्यासाठी हे सांगितलेले नाही. एक सत्तेविरुद्धचा उठाव होता, दुसरी राज्याची संस्था आहे. कोतवालांच्या आयुष्यात पाहण्याजोगी गोष्ट ही की शस्त्र हाती येण्यापूर्वीच त्यांचे काम सुरू होते. धान्यकोठी, शाळा, नगरपालिका आणि शेवटी दस्ता ही एकाच ओढीची पुढची पुढची रूपे आहेत. कंटाळलेला वकील दस्त्यात गेला, असे तिथे घडले नाही.

नोकरी सोडू पाहणाऱ्याचा हेतू तपासायला हे चांगले माप आहे. माझ्या पाहण्यात हेतू तीन प्रकारचे असतात. काहींना कार्यालय नकोसे झालेले असते: साहेबाचा जाच, लोकलची गर्दी, वाढ न होणारा पगार. काहींची भरती खरोखर अर्धवट राहिलेली असते. आणि थोड्यांच्या बाबतीत सेवा हा आधीपासूनचा धागा असतो; गावच्या पुरात, वणव्यात, अपघातात ते पुढे असतात. पहिल्या गटातल्याने सैन्यात जाऊ नये, असे मी स्पष्ट म्हणेन. सैन्यातही कागद असतात, वरिष्ठ असतात, आणि तिथे राजीनामा देऊन दुसऱ्या दिवशी घरी येता येत नाही. अधिकारी निवडीच्या पाच दिवसांत हे बहुधा उघडे पडते. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. साठ प्रसंग, अर्ध्या तासात. मग गटातली मैदानी कामे आणि तासभर चालणारी मुलाखत. ‘चालू नोकरी का सोडता?’ हा प्रश्न तिथे येणारच. ज्याने नोकरीत काही उभे केले आहे, त्याचे उत्तर ऐकण्यासारखे असते. मोठ्या वयाचा हा खरा लाभ आहे आणि तयारी करणाऱ्यांनी तो वाया घालवू नये.

अधिकारी निवडीच्या तयारीसाठी महागडे वर्ग लावण्याआधी एक पत्ता लक्षात ठेवावा. नाशिक रोडला राज्य शासनाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. मुलाखतीचे बोलावणे आलेल्या महाराष्ट्रातील पात्र उमेदवारांची तिथे राहण्या-जेवणासह विनामूल्य तयारी करून घेतात. शहापूरकराला ते कसारा घाट चढून गेले की आहे.

घराचा हिशेब

चेन्नईला प्रशिक्षण काळात महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते, आणि लेफ्टनंटचे मूळ वेतन तेवढेच, वर भत्ते. पगार हा इथे प्रश्न नसतो. प्रश्न काळाचा असतो. अल्पकालीन कमिशन दहा वर्षांचे, चार वर्षांनी वाढवता येणारे. अठ्ठाविसाव्या वर्षी कमिशन मिळाले तर सुटका अडतिसाव्या किंवा बेचाळिसाव्या वर्षी. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी वीस वर्षांची सेवा लागते, म्हणजे कायम कमिशन मिळाले नाही तर ते नाही. उपदान मिळते, माजी सैनिकाचा दर्जा मिळतो. महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशनचा विचार खुला झाला तो १७ फेब्रुवारी २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने.

चाळिशीत परत येणे ही आपत्तीच असते असे नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले त्या काळात, पुणे आणि मद्रास इथे अधिकारी प्रशिक्षण शाळा उघडल्या आणि आणीबाणीतल्या कमिशनवर हजारो नागरिक सैन्यात आले. गरज सरल्यावर त्यांतल्या बहुतेकांना मुक्त केले गेले. शासनाने त्यांच्यासाठी केंद्रीय सेवांत जागा राखून ठेवल्या, आणि अनेकांनी प्रशासनात पुढे चांगले काम केले. आज तशी व्यापक हमी नाही. म्हणून घरात कर्जाचा हप्ता, आईवडिलांचे आजारपण, लग्न आणि बहीण-भावंडांचे शिक्षण यांचा विचार दहा वर्षांच्या टप्प्याने करावा, पहिल्या पगाराच्या आनंदाने नव्हे.

नोकरी न सोडता

आता त्या वाटेकडे येतो, जिच्यासाठी हे सारे लिहिले. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते प्रादेशिक सेनेचा, म्हणजे टेरिटोरियल आर्मीचा, प्रारंभ झाला. तिचे तत्त्व साधे: नागरिकाने आपला व्यवसाय सांभाळावा, वर्षातला काही काळ गणवेशात सराव करावा, आणि देशाला गरज पडली की पूर्णवेळ सैनिक व्हावे. अधिकारी आणि जवान, दोघांची मर्यादा अठरा ते बेचाळीस. अधिकाऱ्याला कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि उत्पन्नाचा स्थिर व्यवसाय असावा लागतो. नियमित सैन्य, पोलीस किंवा निमलष्करी दलातला माणूस चालत नाही. लेखी परीक्षा, मुलाखत, सेवा निवड मंडळ आणि वैद्यकीय तपासणी पार केल्यावर पहिल्या वर्षी महिनाभराचे मूलभूत प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचे शिबिर, आणि पहिल्या दोन वर्षांत डेहराडूनला तीन महिने. सेवेच्या काळात वेतन नियमित सैन्याप्रमाणे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने महिलांनाही हे दार मोकळे झाले.

महाराष्ट्राचा या सेनेशी जवळचा संबंध आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रादेशिक बटालियन पुणे आणि कोल्हापूरला आहेत, पॅराची एक देवळालीला. देवळाली आपल्याला कसाऱ्याच्या पलीकडची. तिथल्या जवान भरतीला जाणे शहापूरकराला एका दिवसाचे काम आहे. आणि ही सेना शोभेची नाही. ६ मे २०२५ च्या आदेशाने केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेना बोलावण्याचा अधिकार दिला आणि ३२ पायदळ बटालियनपैकी १४ कामावर घेण्याची मुभा दिली. त्या बटालियनांतले लोक दुकानातून, शेतातून, कार्यालयातून उठून गेलेले होते.

उणिवा लपवू नयेत. अधिकाऱ्यांच्या जागा थोड्या आणि स्पर्धा मोठी. बोलावणे आले नाही तर सेवा सलग होत नाही, आणि निवृत्तिवेतनाची खात्री धरता येत नाही. पण अठ्ठाविसाव्या वर्षी बीकॉम झालेल्या हिशेबनिसाला लेफ्टनंट होण्याची संधी, नोकरी न गमावता आणि बेचाळिसाव्या वर्षापर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्याची मुभा, असे दुसरे दार नाही. ज्याला देशासाठी उभे राहायचे आहे आणि घरही पडू द्यायचे नाही, त्याने पहिला अर्ज इथे करावा.

खासगी मालक दोन महिन्यांची रजा देईल का, ही भीती रास्त आहे. १९४८ च्या प्रादेशिक सेना कायद्यात लष्करी सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला पूर्वीच्या नोकरीवर परत घेण्याचे बंधन मालकावर आहे, हे फार थोड्या मालकांना आणि त्याहून थोड्या कामगारांना ठाऊक असते. आपल्या भागात खरी अडचण त्याच्याही आधी येते. गोदामांतली अनेक कामे कंत्राटदारामार्फत चालतात. काम कार्यालयीन असते, पण हातात नियुक्तिपत्र नसते आणि पगार कधी रोख मिळतो. अशा तरुणाला आपला व्यवसाय स्थिर आहे हे कागदाने सिद्ध करता येत नाही, आणि अर्ज तिथेच अडतो. त्याने धावण्याच्या जोडीला आजपासून नियुक्तिपत्र, दरमहा वेतनचिठ्ठी, बँकेत जमा होणारा पगार आणि भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक मागायला सुरुवात करावी. उत्पन्न करपात्र नसले तरी प्राप्तिकराचे विवरणपत्र भरावे, आणि शेती किंवा छोटा धंदा असेल तर त्याचीही नोंद ठेवावी.